आवाज कोणाचा, बळ कोणाचे?

ध्वनिवर्धनाचा इतिहास आपण सहसा यंत्रांचा इतिहास म्हणून वाचतो. वस्तुतः त्यात दोन वृत्तींचा झगडा आहे. आलेला आवाज जसाच्या तसा पोहोचवावा, ही एक वृत्ती. त्यावर आपला संस्कार करावा, ही दुसरी. डिजिटल गिटार मॉडेलरसाठी कोणता पॉवर अॅम्प्लिफायर घ्यावा, हा वरवर निव्वळ तांत्रिक वाटणारा प्रश्न या झगड्याच्या संदर्भातच नीट समजतो. मोर्शीसारख्या तालुक्याच्या गावी गिटार वाजवणाऱ्या विद्यार्थ्याला तर तो खिशाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे, कारण चुकीची खरेदी लगेच दुरुस्त करणे परवडत नाही.

पहिल्या वृत्तीचे घर म्हणजे सभा. राइस आणि केलॉग यांनी १९२५ मध्ये आधुनिक लाउडस्पीकरची रचना मांडली. आपल्याकडे स्वातंत्र्य चळवळीच्या सभांना नानिक मोटवाने यांच्या ‘शिकागो रेडिओ’ची यंत्रणा असे. वक्त्याचे शब्द शेवटच्या रांगेपर्यंत जावेत, यंत्राने मध्ये आपले काही बोलू नये, हा तिथला आदर्श. मंडपवाल्यांच्या भोंग्याने तो पुरता साधला नाही. भोंगा खर्जातले आणि अतितार सूर गाळतो. भाषण समजते, संगीत मात्र सोलून निघते.

गिटारची परंपरा नेमकी उलट. फेंडरच्या ‘बासमन’वरून लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ च्या सुमारास पहिला मार्शल अॅम्प्लिफायर तयार झाला. आवाज वाढवला की त्यातले व्हॉल्व्ह सूर विस्कटू लागत. अभियंत्याच्या लेखी हा दोष होता. वादकांनी त्याचेच सौंदर्य केले. येथे अॅम्प्लिफायर वाहक राहिला नाही, तो सहलेखक झाला.

मॉडेलरने या सहलेखकाला गणितात उतरवले. रोलंडचे ‘व्हीजी-८’ (१९९५), लाइन ६ चे ‘पॉड’ (१९९८), ‘अॅक्स-एफएक्स’ (२००६) आणि ‘केंपर’ (२०११) हे त्या वाटेवरचे टप्पे. व्हॉल्व्हचा विस्कट, स्पीकरच्या पेटीचा स्वभाव, सारे काही आता पॉवर अॅम्प्लिफायरपर्यंत येण्याआधीच ठरलेले असते. त्यामुळे त्याच्याकडून अपेक्षा उरते ती सभेतल्या यंत्राचीच: बळ द्यावे, बोलू नये.

निवडीचे नियम यातूनच निघतात. पूर्ण पल्ल्याच्या स्पीकरसाठी हलका, सरळ स्वभावाचा ‘क्लास डी’ अॅम्प्लिफायर पुरतो. मॉडेलरमधील सर्व अनुकरणे चालू ठेवावीत. गिटारचे खरे कॅबिनेट जोडले, तर मॉडेलरमधले कॅबिनेट बंद करावे. नाही तर आवाज एका पेटीतून दोनदा गेल्यासारखा गुदमरतो. व्हॉल्व्ह पॉवर अॅम्प्लिफायरचा मोह असेल, तर त्याचे अनुकरणही बंद करून पाहावे. उलट क्लास डीला गिटारचे कॅबिनेट जोडताना ते चालू ठेवणे हिताचे. व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर स्पीकरच्या बदलत्या अवरोधाला जसा प्रतिसाद देतो, तसा क्लास डी बहुधा देत नाही.

वॅटच्या आकड्यांनी भुलू नये. शक्ती दुप्पट केली तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. ४ ओहमला २०० वॅट देणारे यंत्र ८ ओहमच्या कॅबिनेटला साधारण निम्मेच देते. तरीही थोडी शिल्लक हवीच, कारण क्लास डी मर्यादेला टेकला की जो विस्कट होतो, तो व्हॉल्व्हसारखा सुरेल नसतो.

याच मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. चक्रधरस्वामींच्या माघारी, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हाइंभटांनी ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते त्यांच्या आठवणी गोळा केल्या. त्यांतून ‘लीळाचरित्र’ उभे राहिले. स्मरणात भेद दिसला, तिथे पाठभेदही नोंदवले गेले. म्हाइंभट प्रतिभाहीन नव्हते. आपला आवाज मागे ठेवणे हा त्यांचा निर्णय होता. मराठी गद्याची मोठी सुरुवात अशा संयमातून झाली, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. वाहकाच्या कामाला कमी लेखण्याची सवय मात्र आपल्याला आहे. संपादक, अनुवादक, लेखनिक यांच्याविषयी आपण जो निष्काळजीपणा दाखवतो, तोच मॉडेलरवर सगळे पैसे खर्चून उरलेल्या रकमेत मिळेल तो अॅम्प्लिफायर उचलताना दाखवतो. रचना कितीही उत्तम असो, श्रोत्यापर्यंत ती या शेवटच्या यंत्रातूनच जाते.