रथकार, मिस्त्री आणि पिकअप : पाथरीच्या वाहनांचा एक इतिहास



विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी विचारलं, तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसांनी पिकअप गाडीवर काय बोलायचं? प्रश्न रास्त आहे. पाथरीचा इतिहास म्हटलं की आपण दोन गोष्टी काढतो. अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज इथले कुलकर्णी होते असं फिरिश्ता सांगतो, आणि या गावासाठी बुऱ्हाण निजामशहा वऱ्हाडच्या इमादशाहीशी लढला. दुसरी गोष्ट साईबाबांच्या जन्मस्थानाची. पण बाजाराच्या दिवशी चौकात उभं राहिलं तर डोळ्यांत काय भरतं? एमएच २२ पाटीच्या पिकअपांची रांग. कुणात सरकी, कुणात शेळ्या, कुणात केळीचे घड, कुणात मंडपाचे खांब. या रांगेलाही इतिहास आहे, आणि आमच्या मते तो तितकाच महत्त्वाचा आहे.

हा इतिहास वाहनांच्या नावांनी सांगता येतो: बैलगाडी, जीप, टेम्पो, पिकअप. आम्ही तो वेगळ्या बाजूने सांगणार आहोत. प्रत्येक वाहनाबरोबर ते दुरुस्त करणारा एक माणूस येतो. तो कोण, त्याचं ज्ञान कुणाच्या मालकीचं, आणि वाहनाचा धनी त्याच्यावर किती अवलंबून, हे प्रश्न आम्ही विचारणार आहोत.

सुरुवात बैलगाडीपासून करू. तुंबा, आरे, पुठ्ठे आणि वरून लोखंडी धाव, असं ते चाक. बाभळीचं लाकूड सुताराने घडवायचं, धाव लोहाराने चढवायची. गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल करायची, ती फुगली की चाकावर बसवायची आणि पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि सगळे सांधे आवळून धरतं. उष्णतेने धातू प्रसरण पावतो हे आपण शाळेत पाठ करतो, लोहार ते हाताने सिद्ध करत असे. आखाला वंगण घालण्याचं काम मात्र गाडीवानाचं. त्याने आळस केला की गाडी कुरकुरायची आणि अख्ख्या शिवाराला कळायचं की हा माणूस गाडीकडे बघत नाही.

या कामाचा मोबदला बलुत्यात मिळे, म्हणजे सुगीच्या वेळी धान्य. या व्यवस्थेबद्दल हळवं होऊन बोलायची पद्धत आहे, ती आम्हाला मान्य नाही. सुताराचा पोरगा सुतारच व्हायचा, लोहाराचा लोहारच. ज्ञान उत्तम होतं, पण जातीला बांधलेलं होतं.

इथे आमच्या शास्त्रातला एक जुना वाद आठवतो. वेदात असं एक वाक्य आहे की रथकाराने वर्षा ऋतूत अग्नीची स्थापना करावी. पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायात प्रश्न पडला, रथकार म्हणजे कोण? शब्द फोडला तर अर्थ सरळ आहे, रथ करतो तो रथकार. मग तिन्ही वर्णांतला जो कुणी रथ बनवील तो रथकार. हा झाला यौगिक अर्थ. सिद्धांत मात्र उलटा दिला गेला. रथकार ही एक विशिष्ट जात, आणि शब्दाचा रूढ अर्थ फोडीच्या अर्थापेक्षा बलवान. म्हणजे काम कोण करतो याला महत्त्व नाही, जन्म कुठे झाला याला आहे. अग्नीचा अधिकार त्याला मिळाला, पण हुनराबद्दल नव्हे. हा निवाडा आमच्या खेड्यांत बलुत्याच्या रूपाने विसाव्या शतकापर्यंत चालू होता.

आता रस्त्याकडे येऊ. निजामाच्या रेल्वेने विसाव्या शतकाच्या तोंडाशी मनमाड–हैदराबाद मार्ग टाकला तेव्हा तो परतूर, सेलू, मानवत रोड, परभणी असा गेला. पाथरी बाजूला राहिली. १९३२ साली निजामाच्या रेल्वेने रस्ते वाहतुकीचं खातं काढलं, तेही २७ बसगाड्यांवर. एवढ्या मोठ्या राज्यात २७ गाड्या! तेव्हा पाथरीचा कापूस स्टेशनापर्यंत बैलांच्याच खांद्यावर जाणार, हे उघड होतं.

मोटारीला रस्ता लागतो, आणि मराठवाड्यातल्या कितीतरी रस्त्यांचा पाया दुष्काळाने घातला आहे. बाहत्तरच्या दुष्काळात माणसं, त्यांत बायका मोठ्या संख्येने, खडी फोडायला बसल्या. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. पाझर तलाव, नालाबंडिंग आणि रस्ते ही त्यातली नेहमीची कामं. २००० साली केंद्राची ग्रामसडक योजना आली आणि डांबर वाड्यावस्त्यांपर्यंत पोचू लागलं. 'स्वतःच्या हिमतीवर गाडी घेतली' असं पिकअपचा मालक म्हणतो तेव्हा ते खरंच असतं. पण त्या गाडीखाली कुणीतरी उपाशीपोटी फोडलेली खडी आहे, हेही तेवढंच खरं.

वाहनं कशी आली? १९४५ साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' नावाची कंपनी निघाली. त्यातले मोहम्मद म्हणजे गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ साली कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. विलीज जीप जोडण्याचं काम त्यांनीच आपल्या देशात सुरू केलं. युद्धासाठी घडवलेली ही गाडी आपल्याकडे पुढारी, अधिकारी आणि बागायतदार यांच्या दारात उभी राहिली. १९५८ साली बजाज टेम्पो सुरू झाली. 'टेम्पो' हे मूळ एका जर्मन कंपनीच्या गाडीचं नाव. आपण ते इतकं पचवलं की कुठल्याही माल नेणाऱ्या छोट्या गाडीला टेम्पो म्हणू लागलो. मग मॅटॅडोर आली, १९८६ साली टाटांची ४०७ आली, २००५ साली टाटा एस आली. तिला लोकांनी 'छोटा हत्ती' केलं. २००० साली बोलेरो आली, आणि त्या नावाची पिकअप आज आपल्या तालुक्याचं खरं मालवाहन आहे.

पिकअप इथे रुजली याला बाजाराचंही कारण आहे. १९७२ पासून तीसेक वर्षं राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती. कापूस द्यायचा तो केंद्रावरच. बैलगाड्या दिवसेंदिवस रांगेत उभ्या, रात्री गाडीखालीच मुक्काम. घाई करून उपयोग नव्हता, मग जलद वाहन कशाला? ती व्यवस्था मोडली, खासगी जिनिंगवाले भाव सांगू लागले, आणि कुठे चार पैसे जास्त मिळतात ते फोनवर कळू लागलं. मग पंधरा क्विंटल माल आजच्या आज मानवतला न्यायचा की आणखी पुढे, हा निर्णय शेतकऱ्याच्या हातात आला. तो अमलात आणायला लागणारी गाडी म्हणजे पिकअप. कायद्यानेही हात दिला. एकूण वजन तीन हजार किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परवान्याची अट नाही. आणि साडेसात हजार किलोच्या आतली मालवाहू गाडी हलक्या मोटारीच्या लायसनवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं. त्यामुळे एक नवा माणूस तयार झाला, मालक आणि चालक एकच.

कठोपनिषदात शरीराला रथ म्हटलं आहे. आत्मा रथाचा धनी, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे. तिथे धनी आणि सारथी वेगळे आहेत. आमच्या पाथरीत दोघे एकाच सीटवर बसलेले असतात! आणि दोघांचं भांडण रोज होतं. धनी म्हणतो, अजून चार पोती बसतात, भाडं वाढतंय. सारथी म्हणतो, पाटे उलटे झालेत, ब्रेक लागणार नाही. गाडीत तिसराही एक असतो, आरसी बुकात ज्याच्या बोज्याची नोंद आहे तो कर्ज देणारा. शेवटचा हप्ता फिटून, ना-हरकत दाखला आणि पस्तीस नंबरचा फॉर्म आरटीओत जाईपर्यंत मालकी अशी तिघांत वाटलेली असते.

आमचे एक माजी विद्यार्थी ही गाडी चालवतात. त्यांनी एका वाक्यात सगळं अर्थशास्त्र सांगितलं: "सर, हप्ता थांबत नाही, म्हणून ग्रीस थांबतं." तंगीच्या महिन्यात विमा चुकवता येत नाही, फिटनेस चुकवता येत नाही, कारण मालवाहू गाडीला ठरावीक मुदतीने तपासणी लागतेच. डिझेल तर रोजचंच. मग पुढे ढकलायला उरतं काय? ऑइल बदलणं, क्रॉस जॉइंटला ग्रीस मारणं, झिजलेले ब्रेक लायनर. आज ढकललेलं काम उद्या मोठं होऊन येतं. दोनशे रुपयांचं ग्रीस वाचवलं म्हणून हबचं बेअरिंग जातं, आणि नेमकं लग्नसराईत जातं.

आपल्या मातीचा यात मोठा हात आहे. पावसाळ्यात काळी माती चाकाच्या कमानीत भरते, वाळली की दगड होते. कापसाच्या दिवसांत रेडिएटरच्या जाळीत तूस आणि धूळ बसते, आणि मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेला की इंजिन तापतं. फिल्टरमधलं पाणी काढून टाकलं नाही तर पंप आणि नोझल यांचं आयुष्य घटतं. लांबून पळवत आणलेली टर्बोची गाडी लगेच बंद करू नये, मिनिटभर तशीच चालू ठेवावी, कारण बंद झाली की तापलेल्या टर्बोला ऑइल मिळत नाही. हे कुणी पुस्तकात वाचलं नाही. मिस्त्रीने सांगितलं.

आता या मिस्त्रीकडे बघा. शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आला असं मानतात, अर्थ उस्ताद. मराठवाड्यातल्या कुठल्याही हायवेवरचं गॅरेज बघा. लोहाराचा मुलगा आहे, मुसलमान घरातला आहे, बौद्ध वस्तीतला आहे, मराठ्याचा आहे. पाने देत देत, शिव्या खात खात शिकलेला. हा यौगिक रथकार आहे! जो रथ दुरुस्त करतो तो रथकार. मीमांसकांनी नाकारलेला अर्थ गॅरेजने अमलात आणला. नुसत्या आवाजावरून 'सर, गिअर बॉक्स नाही, क्लच बेअरिंग आहे' असं सांगणाऱ्या पोराला त्याची जात विचारायची कुणाला गरज वाटत नाही. आमच्या समाजाच्या इतिहासात ही लहान गोष्ट नाही. त्यातली पोरवयाची मजुरी आणि मारझोड मात्र गौरवाने सांगायची नाही, ती अन्यायच होती.

आणि नेमकं आता हे ज्ञान हातातून सुटू लागलं आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झालं. गाड्यांत सेन्सर आले, धूर गाळणारी यंत्रणा आली, सगळं संगणकाच्या ताब्यात गेलं. हवा स्वच्छ हवी, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की मिस्त्री हात वर करतो. स्कॅनर लागतो, तो आहे मोठ्या शहरात. गाडी तिथपर्यंत न्यायची, दिवस मोडायचा. बैलगाडीचं ज्ञान जातीने कोंडलं होतं, आता ते परवान्याने आणि पासवर्डने कोंडलं जाण्याचा धोका आहे. मधली चाळीस-पन्नास वर्षं तेवढी ते उघड्यावर होतं, टपरीत, तेलकट चिंध्यांच्या ढिगाशेजारी.

'मिलिंदपञ्ह' ग्रंथात नागसेन भिक्खू मिलिंद राजाला विचारतात, तू रथात बसून आलास, मग रथ कोणता? आख म्हणजे रथ का, चाक म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? एकेक सुटा भाग रथ नाही, आणि त्यांना सोडून वेगळा रथही नाही. दहा वर्षं जुन्या पिकअपचा मालक हे लगेच समजेल. टायर बदलले, पाटे बदलले, क्लच बदलला, इंजिन उतरवून बांधलं. तरी गाडी तीच, कारण तिचा सांभाळ तुटला नाही. नागसेनांच्या यादीत आम्ही एक भर घालू इच्छितो. रथाच्या भागांत तो जोडत राहणारा हातही धरायला हवा. तत्त्वज्ञांनी रथाचा दाखला शेकडो वेळा दिला, वंगणाची आठवण फार कमी वेळा काढली.

म्हणून शेवटी तीन गोष्टी सुचवतो. पहिली, गाडीच्या मालकांनी एक वही ठेवावी: तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती खर्च. भाडं ठरवताना डिझेलबरोबर ही झीज धरली नाही, तर आपण गाडीच थोडी थोडी विकत असतो. दुसरी, दर फेरीला पन्नास का होईना, ग्रीस-ऑइलचे बाजूला काढावेत, हप्त्याच्या आधी. तिसरी गोष्ट आपल्या सगळ्यांची. केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारगाड्याही आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून संध्याकाळी गॅरेजच्या पोरांना स्कॅनर शिकवा, अशी मागणी तालुक्यातून गेली पाहिजे. दहा-वीस मालकांनी मिळून एक स्कॅनर घेणं अशक्य नाही. आम्ही साखर कारखाने सहकारातून उभे केलेली माणसं आहोत.

आम्ही इथे थांबतो. सभागृहात मालकही आहेत आणि मिस्त्रीही दिसताहेत, तेव्हा प्रश्नांपेक्षा दुरुस्त्या सांगितल्या तर जास्त आवडेल.