घाणेरी : बागेतून जंगलात गेलेलं झुडूप

आजच्या भागात एका झुडपाचा इतिहास. हे झुडूप तुम्ही नक्की पाहिलंय. पुण्याच्या टेकड्यांवर, कोकणातल्या बांधांवर, ताडोबा-मेळघाटच्या रस्त्याकडेला. एकाच गुच्छात पिवळी, केशरी, गुलाबी फुलं. पान खरखरीत, चुरगळलं की उग्र वास. फुलं गळली की हिरव्या मण्यांचा घोस येतो आणि पिकला की काळा-जांभळा होतो. आपण त्याला घाणेरी म्हणतो, कुठे टणटणी म्हणतात. आणि नर्सरीवाला त्यालाच लँटाना म्हणतो, कुंडीत लावून विकतो.

म्हणजे बघा, एकीकडे वनखातं हे झुडूप उपटायला मजूर लावतं आणि दुसरीकडे आपण त्याचंच रोप पैसे देऊन घरी आणतो. ही भानगड दोनशे वर्षं जुनी आहे. मला तिचं सार एका वाक्यात सांगता येईल: बाग करणारे सगळे फुलं बघत राहिले आणि इतिहास घडवला तो फळानं.

सुरुवात अमेरिकेतून. घाणेरी मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यातली. सतराव्या शतकात डच लोकांमार्फत ती युरोपात पोचली. १७५३ मध्ये लिनियसनं तिला 'लँटाना कॅमारा' हे शास्त्रीय नाव दिलं. लँटाना हे आधी युरोपातल्या एका वेगळ्याच झुडपाचं नाव होतं. फुलोरा तसाच दिसतो म्हणून ते हिला चिकटलं.

युरोपच्या थंडीत हे झाड उघड्यावर टिकत नाही, म्हणून ते काचघरात गेलं. तिथे माळ्यांनी संकर करायला सुरुवात केली. एकोणिसाव्या शतकात नवनवीन रंगांचे कितीतरी प्रकार तयार झाले. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आज आपल्या जंगलात जी घाणेरी दिसते ती अमेरिकेतल्या रानातली जशीच्या तशी नाही. तिच्यात बागेत घडवलेल्या संकरांचं रक्त आहे. माणसानं आधी निवडून, मिसळून तिला तयार केलं आणि मग जगभर वाटलं.

लोक इतके भाळले कशावर? रंग बदलणाऱ्या फुलांवर. ब्राझीलमध्ये राहणाऱ्या फ्रिट्झ म्युलर या निसर्गअभ्यासकानं १८७७ मध्ये 'नेचर'मध्ये एक निरीक्षण छापलं. तिथल्या एका लँटानाचं फूल तीन दिवस टिकतं: पहिल्या दिवशी पिवळं, दुसऱ्या दिवशी केशरी, तिसऱ्या दिवशी जांभळं. फुलपाखरं मुख्यतः ताज्या पिवळ्या फुलांवर यायची. जुनी फुलं गळत नाहीत, त्यामुळे गुच्छ मोठा आणि लांबून उठून दिसतो. आहे की नाही डोकं?

आता भारतात येऊ. ईस्ट इंडिया कंपनीनं १७८७ मध्ये कोलकात्याजवळ शिबपूरला वनस्पती उद्यान सुरू केलं. मसाले, लाकूड, रंग यांची उपयोगी झाडं तिथे वाढवायची आणि देशभर पाठवायची, हा हेतू. १८०९ च्या सुमारास घाणेरी तिथे आली ती शोभेचं झाड म्हणून. पुढे वेगवेगळ्या ठिकाणी ती पुन्हा पुन्हा आणली गेली. बंगल्याभोवती, छावण्यांत, कॉफीच्या मळ्यांना कुंपण म्हणून लावली गेली. कुंपणाला तर ती झकासच. काटेरी, दाट, पाणी मागत नाही, आणि गुरं सहसा तोंड लावत नाहीत. फांदी खोचली तरी फुटते.

पण कुंपणावर पक्षी बसतात. बुलबुल, साळुंकी हे पिकलेली फळं खातात, उडतात आणि दुसऱ्या झाडावर बसून बी टाकतात. एका झुडपाला वर्षभरात हजारो फळं. माळ्यानं कुंपणाची रेघ सरळ कापली तरी फळ ती रेघ मानत नाही.

आता गंमत ऐका. १८५८ मध्ये विल्यम हिलेब्रांड नावाच्या डॉक्टरनं हवाई बेटांवर शोभेसाठी घाणेरी नेली. पुढे पिकांवरच्या अळ्या खाव्यात म्हणून त्याच हिलेब्रांडनं १८६५ च्या सुमारास तिथे एक पक्षी आणला. कुठून? भारतातून. कोणता? आपली साळुंकी! साळुंकीनं अळ्या खाल्ल्या असतील, पण घाणेरीची फळंही खाल्ली, आणि बेटांच्या डोंगरउतारांवर बी पोचवलं. अमेरिकेचं झुडूप आणि भारताचा पक्षी, दोघं भेटले पॅसिफिकच्या मधोमध.

हवाईनं यावर उपायही आधी शोधला. १९०२ मध्ये अल्बर्ट कोबेले हा कीटकतज्ज्ञ मेक्सिकोत गेला आणि घाणेरी खाणारे किडे शोधून पाठवू लागला. तणाचा बंदोबस्त परदेशातून किडे आणून करायचा, हा जगातला अगदी सुरुवातीचा पद्धतशीर प्रयोग. त्यात एक बारीक माशी होती, जिची अळी फळाच्या आत वाढते. म्हणजे निदान एकाचं तरी लक्ष फळाकडे गेलं.

आपल्याकडेही तोवर चिंता सुरू झाली होती. वाय. रामचंद्र राव यांनी देशभर फिरून घाणेरीवर कोणते देशी किडे जगतात याची पाहणी केली. १९२० च्या त्यांच्या अहवालात शंभरावर किडे आहेत, पण झुडूप आटोक्यात ठेवेल असा एकही नाही. १९२१ मध्ये हवाईतून ती फळमाशी आणली. ती रुजली, पण घाणेरी थांबली नाही. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातून पानं शोषणारा एक ढेकूण देहरादूनला आणला. चाचणीत दिसलं की तो सागाच्या फुलांवरही बसतो. सागाला धोका नको म्हणून ते सगळे ढेकूण मारून टाकले. तरी काही निसटले असावेत, कारण दहाएक वर्षांत तो देहरादूनच्या आसपास मोकळा सापडला. पुढे तो दूरवर पसरला, आणि घाणेरी आहे तिथेच राहिली.

आज स्थिती काय? २०२० मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी मोठी पाहणी प्रसिद्ध केली. वाघांचा वावर असलेल्या आपल्या जंगलांपैकी ४० टक्क्यांहून जास्त भागात, म्हणजे सुमारे १,५४,००० चौरस किलोमीटरवर घाणेरी आहे. म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राच्या निम्म्याइतकं क्षेत्र!

याचा फटका कुणाला? घाणेरीखाली गवत नीट वाढत नाही, म्हणून हरणांचा चारा कमी होतो. गावच्या गुरांचं तर आणखी वाईट. दुष्काळात दुसरं काही मिळालं नाही की ती पाला खातात. त्यातल्या विषानं यकृत बिघडतं, कावीळ होते, उन्हात उभं राहिलं की कातडी सोलवटते. ज्यानं कुंपण लावलं तो साहेब कधीच गेला, भरपाई करतोय तो गुराखी.

आशेचं काही? आहे. नुसतं कापलं किंवा जाळलं तर झुडूप दुप्पट जोमानं फुटतं. दिल्ली विद्यापीठातले सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधी पद्धत मांडली. जमिनीच्या जरा खाली, तीन ते पाच सेंटिमीटरवर सोटमूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं. मग ज्या झाडांवर पक्षी बसतात त्यांच्याखाली उगवलेली रोपं उपटत राहायचं आणि मोकळ्या जागी देशी गवत आणायचं. बघा, उपायसुद्धा पक्ष्याच्या मागोमाग जातो. निलगिरीच्या भागात आदिवासी कारागीर कापलेल्या घाणेरीपासून खऱ्या आकाराचे हत्ती बनवतात. २०२१ मध्ये त्यांचा कळप लंडनच्या बागांमध्ये उभा होता. साहेबानं पाठवलेलं झुडूप हत्ती होऊन परत गेलं!

आता शेवटचा मुद्दा, तुमच्या बाल्कनीचा. घरी लँटाना असेल तर फेकून द्या असं मी म्हणत नाही. ती जगवायला सोपी आहे. दिवसाला पाच-सहा तास ऊन, पाण्याचा निचरा होणारी माती, वरचा थर सुकल्यावरच पाणी. खत जास्त दिलं तर पानंच माजतात. फुलं नवीन फुटीवर येतात, म्हणून बहर ओसरला की छाटणी करायची. पानांच्या मागे पांढरी माशी दिसली की पाण्याचा जोरदार फवारा मारा. छाटताना हातमोजे घाला, आणि लहान मुलं, मांजरं, कुत्री यांना हिरव्या फळांपासून लांब ठेवा, ती विषारी असतात.

पण एक काम चुकवू नका. फुलं सुकली की मणी धरायच्या आत तो गुच्छ देठासकट कापा. झाडाचं बळ बीमध्ये जात नाही, त्यामुळे नवी फुलंही भरपूर येतात. रोप घेताना फळ जवळजवळ न धरणारा प्रकार मागा आणि घरी आणल्यावर स्वतः नजर ठेवा. छाटलेल्या फांद्या टेकडीवर किंवा नाल्यात टाकू नका. आणि तुमचं घर किंवा फार्महाऊस जंगलाला लागून असेल, तर ही हौस सोडाच.

आज कुंडीत डोकावून बघा. हिरवे मणी दिसले तर कात्री घ्या. साळुंकी यायच्या आत.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!