मिस्सेतली लॅटिन आणि पाठ्यपुस्तकातली इंग्रजी

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेचा उपासनेविषयीचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध झाला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत आमच्या धर्मग्रामांतून लॅटिन मिस्सेने निरोप घेतला. मराठी मिस्सा आली हे उत्तमच झाले. आपल्या भाषेत प्रार्थना करण्याचे समाधान निराळे असते. परंतु या बदलासोबत एक समजूतही घराघरांत रुजली. आमच्या आजीआजोबांनी जी लॅटिन उत्तरे मुखोद्गत केली होती ती निव्वळ पोपटपंची होती, आणि तिचा आता कोणाला काही उपयोग नाही, अशी ती समजूत. गंमत अशी की, त्याच घरांतील नातवंडे परीक्षेच्या आदल्या रात्री इंग्रजी शब्दांच्या लांबलचक याद्या तितक्याच पोपटपंचीने घोकत असतात. या दोन पाठांतरांमध्ये रक्ताचे नाते आहे, हे मात्र सहसा कोणी मुलांना सांगत नाही. ते नाते समजून घ्यायचे तर थोडे इंग्लंडच्या इतिहासात शिरावे लागेल.

इंग्रजी ही मूळची लॅटिनची मुलगी नव्हे. पोर्तुगीज, इटालियन, फ्रेंच या लॅटिनच्या मुली. इंग्रजी ही जर्मन व डच या भाषांच्या घराण्यातली. घरातले, शेतातले, हातापायाचे शब्द तिचे स्वतःचे आहेत: मदर, फादर, हाउस, ब्रेड, वॉटर. तरीही मोठ्या इंग्रजी शब्दकोशातील निम्म्याहून अधिक शब्द थेट, किंवा फ्रेंचच्या मार्गाने, लॅटिनमधून आलेले आहेत. एखाद्या घरात पाहुणे वस्तीला यावेत आणि हळूहळू त्यांनी अर्धे घर व्यापून टाकावे, तसा हा प्रकार झाला.

हे पाहुणे एकदम आले नाहीत. इंग्रजांचे पूर्वज ब्रिटनमध्ये येण्यापूर्वीच, युरोपात असताना, त्यांचा रोमन सैनिकांशी आणि व्यापाऱ्यांशी संबंध आला होता. वाइन, चीझ, वॉल, स्ट्रीट, माइल हे शब्द त्या काळचे. मैल म्हणजे रोमन पायदळाची हजार पावले. लॅटिनमध्ये हजाराला 'मिल्ले' म्हणतात. पुढे इ. स. ५९७ मध्ये पोप ग्रेगरी पहिले यांनी पाठविलेला ऑगस्टीन हा मठवासी आपल्या सोबत्यांसह केंट प्रांताच्या किनाऱ्यावर उतरला. केंटचा राजा एथेलबर्ट अजून ख्रिस्ती झाला नव्हता, पण त्याची राणी बर्था ख्रिस्ती होती. या धर्मप्रसाराबरोबर लॅटिनची दुसरी लाट इंग्रजीत शिरली: ऑल्टर, कँडल, मास, नन, मंक, प्रीस्ट, बिशप. यांतील काही शब्द लॅटिननेही ग्रीककडून घेतले होते, पण इंग्रजांच्या कानावर ते लॅटिनमधूनच पडले. म्हणजे इंग्रजी भाषेला लॅटिनची खरी ओळख मिस्सेनेच करून दिली.

तिसरी लाट तलवारीच्या बळावर आली. १०६६ साली नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने इंग्लंड जिंकले आणि दरबाराची, न्यायालयाची, उमरावांची भाषा फ्रेंच झाली. न्यायालयात इंग्रजी बोलण्याची मुभा कायद्याने मिळाली ती थेट १३६२ साली. जस्टिस, जज, प्रिझन, टॅक्स, पार्लमेंट हे सारे फ्रेंच पोशाखात आलेले शब्द. त्यांपैकी बहुतेकांच्या अंगात रक्त लॅटिनचेच. फ्रेंच लोकांच्या तोंडी लॅटिन शब्द झिजले होते. त्यामुळे नंतरच्या विद्वानांनी तेच शब्द ग्रंथांतून पुन्हा अखंड उचलले, तेव्हा इंग्रजीत एकाच शब्दाची दोन रूपे नांदू लागली. 'फ्राजिलिस' या शब्दाचे फ्रेल आणि फ्रॅजाइल झाले, 'सेकुरुस'चे शुअर आणि सिक्युअर. आम्हांला सर्वांत अर्थपूर्ण वाटते ती जोडी 'रेदेम्प्तिओ' या शब्दाची. त्याचा अर्थ मोल देऊन सोडवून आणणे. एका वाटेने त्याचे रॅन्सम झाले, म्हणजे कैद्याच्या सुटकेची खंडणी. दुसऱ्या वाटेने रिडेम्प्शन झाले, म्हणजे तारण. ख्रिस्ताने आपले मोल दिले असे आपण म्हणतो तेव्हा हे दोन्ही अर्थ एकत्र असतात.

सोळाव्या शतकात, विद्येच्या पुनरुज्जीवनाच्या काळात, लॅटिनचा पूर आला. तो सर्वांनाच आवडला असे नाही. टॉमस विल्सन याने १५५३ साली आपल्या वक्तृत्वशास्त्राच्या ग्रंथात अशा जडजंबाळ शब्दांची खिल्ली उडविली. दौतीतून काढलेले शब्द असे त्यांना म्हटले जाई. केंब्रिजचे पंडित जॉन चीक यांनी तर १५५० च्या सुमारास मत्तयच्या शुभवर्तमानाचे भाषांतर करताना शक्य तितके अस्सल इंग्रजी शब्द घडविले. शंभर शिपायांवरच्या सेंच्युरिअनला त्यांनी 'हंड्रेडर' केले, रेझरेक्शनला 'गेनरायझिंग', आणि लूना म्हणजे चंद्र यावरून आलेल्या लुनॅटिकला 'मून्ड'. यांतला एकही शब्द टिकला नाही. आपल्याकडे भाषाशुद्धीच्या चळवळीने 'महापौर', 'दिनांक' असे शब्द रुजवून दाखविले. चीकसाहेबांना ते भाग्य लाभले नाही.

याच काळातील लॅटिनवेडाने आजच्या शाळकरी मुलांना एक त्रास देऊन ठेवला आहे. 'डेट' म्हणजे कर्ज आणि 'डाउट' म्हणजे शंका या शब्दांच्या स्पेलिंगमध्ये न उच्चारला जाणारा 'बी' कशासाठी, असे मूल विचारते, आणि बहुधा त्याला 'पाठ कर' एवढेच उत्तर मिळते. खरे उत्तर असे आहे की, फ्रेंचमधून हे शब्द आले तेव्हा त्यांत 'बी' नव्हताच. पुढे विद्वानांना लॅटिनमधील 'देबितुम' आणि 'दुबितारे' यांची आठवण झाली व त्यांनी तो लिहिण्यात घुसडला. बोलणाऱ्यांनी तो कधीच स्वीकारला नाही. बँकेच्या पासबुकातील 'डेबिट' हा त्याच 'देबितुम'चा दुसरा मुलगा, आणि त्याचा 'बी' मात्र खणखणीत ऐकू येतो. 'आयलंड' या शब्दातील 'एस' तर शुद्ध चुकीने आला. तो शब्द अस्सल इंग्रजी. पण लॅटिन 'इन्सुला'पासून निघालेल्या 'आइल' शब्दाच्या तो नात्यातला असावा असे समजून विद्वानांनी त्याला 'एस' चिकटविला.

आता आजीआजोबांच्या गाठोड्याकडे वळू. 'मिस्सा' हाच शब्द घ्या. पूर्वी उपासनेच्या अखेरीस याजक लोकांना लॅटिनमध्ये निरोप देत, त्या वाक्यातला हा शब्द. त्यावरून साऱ्या विधीलाच मिस्सा नाव पडले. त्याचे मूळ 'मित्तेरे' या क्रियापदात आहे. अर्थ आहे पाठविणे, जाऊ देणे. इंग्रजीत हे क्रियापद 'मिट' आणि 'मिस' अशा दोन रूपांत आढळते. मुलाला एवढे एक मूळ आणि चारपाच उपसर्ग समजावून दिले तर पानभर यादी आपोआप उलगडते. 'ॲड' म्हणजे कडे. ॲडमिट म्हणजे आत येऊ देणे. 'पर' म्हणजे मधून. परमिट म्हणजे मधून जाऊ देण्याची परवानगी. 'ट्रान्स' म्हणजे पलीकडे. ट्रान्समिट म्हणजे पलीकडे पाठविणे. 'प्रो' म्हणजे पुढे. प्रॉमिस म्हणजे आधीच पुढे पाठविलेला शब्द. 'री' म्हणजे परत. आखातात नोकरीला असलेला मुलगा घरी जे पैसे पाठवितो त्याला रेमिटन्स म्हणतात तो याच कुळातला. मिशन आणि मिशनरी हे शब्द परदेशी धर्मकार्याच्या अर्थाने रूढ करण्यात येशूसंघीयांचा मोठा वाटा होता, आणि त्यांच्यातलेच संत फ्रान्सिस झेविअर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले. त्याच कुळात मिसाईलही जन्मावे, हा भाषेचा दोष नव्हे, पाठविणाऱ्याचा आहे.

काही लॅटिन शब्द तर इंग्रजीची वाट न धरता, पोर्तुगीज गलबतांतून आपल्या मराठीत केव्हाच येऊन बसले आहेत. वसईवर पोर्तुगीजांचा अंमल १५३४ पासून १७३९ पर्यंत होता. गोव्यात तर त्याहून कितीतरी दीर्घ. लॅटिन 'पानिस' म्हणजे भाकर. तिचे पोर्तुगीजमध्ये जे रूप झाले तोच आपला पाव, आणि इंग्रजीत त्याच भाकरीतून कम्पॅनिअन निघाला, म्हणजे एका ताटातली भाकर खाणारा सोबती. कंपनी हा शब्दही तिथलाच. 'नातालिस' म्हणजे जन्माचा. त्यावरून आपला नाताळ. १४९७ च्या नाताळात वास्को द गामाला आफ्रिकेचा जो किनारा दिसला त्याचे नाव नाताल पडले. 'क्लाविस' म्हणजे किल्ली. पोर्तुगीजमार्गे तिची चावी झाली. कुलूपबंद खोली ती कॉन्क्लेव्ह. १२६८ साली पोप क्लेमेंट चौथे यांचे निधन झाल्यावर व्हितेर्बो येथे नव्या पोपची निवड जवळजवळ तीन वर्षे रेंगाळली, तेव्हा कार्डिनलांना कोंडून ठेवण्याची पाळी आली. त्या अनुभवावरून पोप ग्रेगरी दहावे यांनी १२७४ साली नियम केला. मग 'पाक्स' म्हणजे शांती. तिच्यापासून निघालेल्या क्रियापदाचा अर्थ शांत करणे, आणि पुढे देणेकऱ्याला पैसे चुकवून शांत करणे असा झाला. इंग्रजीत त्याचे पे झाले, पोर्तुगीजमध्ये पागार, आणि मराठीत पगार. महिन्याच्या पहिल्या तारखेला घरात जी शांती नांदते तिचे कारण शब्दातच आहे, असे म्हणायला हरकत नाही!

मात्र एक सावधगिरी हवी. मुळे शोधण्याच्या नादात माणूस कथाही रचू लागतो. 'सिन्सिअर' म्हणजे मेण न लावलेला, तडे मेणाने न बुजविलेली मूर्ती, ही कथा अनेकदा प्रवचनांतून ऐकू येते; भाषाशास्त्रज्ञांना ती मान्य नाही. सॅलरी या शब्दात मीठ आहे हे खरे, पण रोमन सैनिकांना मिठाच्या रूपात वेतन मिळत असे याला पुरावा नाही. उपसर्गही फसवितात. 'इन' सर्वत्र नकारार्थी नसतो. इन्फ्लेमेबल म्हणजे न जळणारे नव्हे, चटकन पेट घेणारे. गॅसच्या टाकीजवळ हा गैरसमज महागात पडेल. तसेच पेडेस्ट्रिअनमधील 'पेड' लॅटिन, म्हणजे पाय. पेडिअॅट्रिशिअनमधील 'पेड' ग्रीक, म्हणजे मूल. म्हणून आमचे सांगणे असे की, मूळ ओळखून अंदाज जरूर बांधावा, पण शब्दकोश उघडून तो पारखूनही घ्यावा.

मराठी मुलाला या कामी एक सोय आहे, जी लंडनच्या मुलाला नाही. लॅटिनमध्ये दातांना 'देन्तेस' म्हणतात. ज्याला दंत ठाऊक आहे त्याला डेंटिस्ट घोकावा लागत नाही. 'पेदेस' म्हणजे पाय, आपले पाद, पेडल तिथूनच. 'नोमेन' म्हणजे नाम, 'इग्निस' म्हणजे अग्नी. मोटारीच्या इग्निशनमध्ये हाच अग्नी असतो. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून निघाल्या असाव्यात हे विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात मांडले, असे शाळेत शिकवितात. परंतु त्यांच्या दोन शतके आधी, १५७९ साली गोव्यात आलेले आणि पुढे १६१६ साली मराठीत 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध करणारे फादर थॉमस स्टीफन्स यांनी, १५८३ साली आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात, इथल्या भाषांची ठेवण लॅटिन व ग्रीक यांच्यासारखी असल्याची नोंद केली होती. जन्माने इंग्रज, शिक्षणाने लॅटिन आणि लेखणीने मराठी असलेल्या माणसाला हे दिसावे, यात नवल नाही.

आजीच्या ओठांवरचा 'क्रेदो' हा शब्द तेवढा सांगायचा राहिला. इंग्रजीत त्याचे क्रीड झाले, क्रेडिबल झाले, आणि क्रेडिटही. ज्याच्यावर विश्वास ठेवावा त्यालाच पतपेढी कर्ज देते. त्याचे मूळ शोधीत भाषाशास्त्रज्ञ आणखी मागे गेले, तेव्हा त्यांना 'क्रेदो'चा भारतातील सख्खा भाऊ सापडला. तो शब्द म्हणजे आपली 'श्रद्धा'.