छडीवाचून ताल

पाश्चात्त्य वाद्यवृंद म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आधी कोण येतो? श्रोत्यांकडे पाठ करून उभा असलेला, हातात छडी घेतलेला संचालक. पण ही छडी काही फार जुनी नव्हे बरे का! अठराव्या शतकात पहिला व्हायोलिनवादक गजाच्या खुणेने, नाहीतर हार्प्सिकॉर्डवर बसलेला वादक मानेच्या इशाऱ्याने सगळ्यांना सांभाळून नेई. वाद्ये वाढली तशी एकोणिसाव्या शतकात संचालकाची जागा पक्की झाली. त्यामुळे १९७७ साली ऑस्लोत निघालेला नॉर्वेजियन चेंबर ऑर्केस्ट्रा बहुधा संचालकावाचून वाजवतो, कधी तर पुढ्यात कागदही न ठेवता, हे नवल खरे, पण नवी गोष्ट नव्हे. उत्तरेकडच्या अशा तंतुवृंदांच्या जोडीला आता नर्तकही येतात. त्या देशात ही जोडी फार जुनी आहे. मध्यंतरी ती तुटली होती, इतकेच.

नॉर्वेच्या खेड्यांत हार्डांगर फिडल नावाचे वाद्य आहे. वाजवायच्या तारा चार आणि त्यांच्याखाली आणखी चारपाच, ज्यांना गज लागतच नाही. आपल्या सारंगीच्या तरफाच म्हणा ना! लग्नघरी वादक बसून वाजवी, पायाने जमिनीवर ठेका धरी आणि जोडपी नाचत. त्यांच्या ‘स्प्रिंगार’ नाचाला तीन मात्रा, पण तिन्ही सारख्या नाहीत. टेलेमार्क भागात पहिली लांब, दुसरी मध्यम, तिसरी आखूड. वाल्ड्रेसला गेलात तर पहिलीच आखूड. स्वरलिपीत मात्र तीन सारख्या मात्रा लिहून मोकळे व्हावे लागते. खरे माप असते ते नाचणाऱ्याच्या गुडघ्यात. वादक त्याच्याकडे पाहतो, तो वादकाचे ऐकतो. तिथे छडी कुणी कुणाला दाखवायची?

पुढे एकोणिसाव्या शतकात धर्मनिष्ठेची लाट आली. फिडल म्हणजे सैतानाचे वाद्य ठरले. काही वाद्ये तर चक्क जाळली गेली. उलट १८४९ साली प्रसिद्ध व्हायोलिनवादक उले बुल याने ख्रिश्चानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, ‘म्युल्लारगुटेन’ या खेडवळ वादकाला आपल्याबरोबर रंगमंचावर आणले. वाद्याची अब्रू वाढली. पण ऐकणारे लोक खुर्च्यांवर बसले!

त्याच म्युल्लारगुटेनकडून शिकलेला क्नुट डाहले म्हातारा झाला, तेव्हा या चाली आपल्याबरोबरच जातील ही चिंता त्याला लागली. त्याने संगीतकार ग्रीगला पत्र घातले. १९०१ साली योहान हाल्वोर्सेनने त्याच्याकडून ऐकून सतरा चाली लिहून घेतल्या आणि ग्रीगने त्या पियानोसाठी बांधून १९०३ साली प्रसिद्ध केल्या. सूर वाचले, हे उपकार थोडे नव्हेत. पण पाय बाहेरच राहिले.

फिनलंडचा राउताव्हारा याने खेड्यातल्या जुन्या फिडल-चालींवरून १९५२ साली ‘पेलिमान्नित’, म्हणजे ‘फिडलवाले’, ही पियानोची रचना केली, आणि १९७२ साली ती तंतुवृंदाला दिली. तिच्या शेवटच्या भागाचे नावच ‘उड्या’ असे आहे. आता असल्या रचनेत रंगमंचावर खरोखर कोणी उडी मारली, तर काय होते पाहा. संचालक असता तर त्याने मात्रा दिली असती आणि नर्तकाने ती गाठली असती. संचालक नाही, मग शेवटच्या रांगेतल्या वादकालाही कागदावरून डोळे उचलावे लागतात. सुरावटीआधी पुढच्याने घेतलेला श्वास, हवेत थबकलेला त्याचा गज, खर्जातल्या डबल बेसची चाहूल, एवढ्यावरच सगळे सांभाळायचे. आणि हवेत गेलेल्या माणसाला घाई करता येत नाही. तो खाली येईल तेव्हाच सम!

प्रत्येक प्रयोग साधतो असे नाही. कधी नर्तक नुसता शोभेला उरतो. तालमीही लांबतात, कारण निर्णय देणारा एक नसला की मत प्रत्येकाला असते. पण जिथे साधते, तिथे ती लांब, मध्यम, आखूड मात्रा पुन्हा ऐकू येते, जी हाल्वोर्सेनला कागदावर उतरवता आली नव्हती.