सुरतेची दुपारची बैठक

'पर्यावरण व्यवस्थापन प्रणाली' हे नाव ऐकलं की जांभई येते, मान्य. म्हणून आम्ही आज सुरतेपासून सुरुवात करतो.

सप्टेंबर १९९४. फुप्फुसाचा प्लेग पसरल्याची बातमी आली आणि लाखो माणसं शहर सोडून निघाली. त्यांत पोटासाठी तिथं गेलेले आपल्या खानदेशातले कामगारही होते. आधीच्या पुरानंतर कचरा आणि मेलेली जनावरं वस्त्यांत तशीच कुजत पडली होती.

मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी नवा आराखडा काढत बसण्यापेक्षा शहराचे सहा विभाग केले, प्रत्येकावर निर्णयाचे अधिकार असलेला अधिकारी नेमला आणि वरिष्ठांना रोज रस्त्यावर उतरवलं. आधी पाहणी, मग दुपारी सगळ्यांची बैठक. काल काय ठरलं होतं, आज काय झालं, नाही झालं तर का नाही? बस्स, एवढंच. पण रोज! १९९६ मध्ये 'इंटॅक'च्या पाहणीत सुरत चंदीगडखालोखाल देशातलं दुसरं स्वच्छ शहर ठरलं.

गंमत बघा, त्याच १९९६ मध्ये आयएसओ १४००१ हे मानक आलं. ठरवा, करा, तपासा, सुधारा, हा त्याचा गाभा. सुरतेत हे चक्र आधीच फिरत होतं.

आणि महाराष्ट्रात? १९९४ च्या दुरुस्तीनं कायद्यात कलम ६७-अ आलं. आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरणाचा अहवाल सभागृहापुढे ठेवायचा. अहवाल निघतात, चांगले जाडजूड असतात. पण शहर कुठं वाढणार हे ठरवतो विकास आराखडा. तो १९६६ च्या कायद्याखाली होतो, साधारण वीस वर्षांसाठी. अहवालात नदी बिघडलेली दिसली म्हणून आराखड्यातलं एखादं आरक्षण बदललंच पाहिजे, असं हे कलम म्हणत नाही. तपासणी आहे, 'सुधारा' मात्र वाऱ्यावर. आमच्या मते खरी अडचण इथं आहे.

सुरतेलाही ती चुकली नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यानं शहराचा मोठा भाग बुडाला. झाडू, गटार, कचरागाडी यांचा हिशेब दुपारच्या बैठकीत लागत होता. तापीच्या काठावर काय बांधू द्यायचं, हा प्रश्न त्या टेबलावरचा नव्हताच.