गुणधर्माधिष्ठित चाचणीचे स्वरूप

प्रथम दोन संज्ञा निश्चित करू. ‘नमुना’ म्हणजे एक ठराविक निविष्टी आणि तिचे अपेक्षित फलित. ‘गुणधर्म’ म्हणजे विशिष्ट क्षेत्रातील प्रत्येक निविष्टीबाबत सत्य असलेच पाहिजे असे विधान. संगणकप्रणालीची चाचणी नमुन्यांवर आधारता येते, तशी गुणधर्मांवरही. या दुसऱ्या पद्धतीला क्लासेन आणि ह्यूज यांनी २००० साली हॅस्केल भाषेतील ‘क्विकचेक’ या साधनाद्वारे रूप दिले. पायथनमधील ‘हायपोथिसिस’ त्याच परंपरेतील असून नम्पाय, पांडाज हे मुक्तस्रोत प्रकल्प ते वापरतात.

गुणधर्म मुख्यतः त्रिविध असतात : (१) प्रत्यावर्तन, म्हणजे संकेतबद्ध मजकूर उलगडल्यावर मूळ मजकूरच मिळणे, (२) नित्यता, म्हणजे क्रियेनंतरही एखादी अट अबाधित राहणे, (३) प्रतिमानसाम्य, म्हणजे जटिल रचनेचे वर्तन साध्या प्रतिमानाशी जुळणे. मात्र गुणधर्म अपुरा असल्यास चाचणी व्यर्थ ठरते. क्रमवारी लावणाऱ्या फलनाविषयी ‘फलित चढत्या क्रमात असावे’ एवढेच म्हटले, तर सदैव रिकामी यादी देणारे फलनही उत्तीर्ण होते. म्हणून ‘मूळचेच घटक, तितक्याच वेळा’ हे दुसरे विधान अनिवार्य होय.

प्रक्रियेचे टप्पे चार : निर्मिती, पडताळणी, संक्षेप, जतन. पहिले दोन यांत्रिक आहेत. यादृच्छिक निविष्टी निर्माण करून प्रत्येकीवर विधान तपासले जाते. हायपोथिसिस एरवी अशा १०० निविष्टी घेते.

खरे सामर्थ्य संक्षेपात आहे. विधान खोटे ठरवणारी निविष्टी, म्हणजेच प्रत्युदाहरण, सापडली, की विधान खोटे ठरत राहील तोवर ती लहान केली जाते. गूगलच्या ‘लेव्हलडीबी’ या मुक्तस्रोत विदागारातील एक दोष क्विकचेकने असाच उघड केला. संक्षेपानंतरही प्रत्युदाहरण १७ क्रियांचे होते. इतकी लांब क्रियामालिका हाताने नमुने लिहिणाऱ्याला सुचणे जवळपास अशक्य. संक्षेपाचा लाभ दोष दुरुस्त करणाऱ्यालाही होतो. मुक्तस्रोत प्रकल्पात दोषनिवेदन वाचणारा बहुधा स्वयंसेवक असतो. निवेदकाचे यंत्र वा विदा त्याच्या हाती नसते. त्याच्यापुढे निरर्थक क्रिया वगळलेले प्रत्युदाहरण ठेवणे हीच त्याला होणारी सर्वांत मोठी मदत आहे.

जतनाचा प्रश्न यादृच्छिकतेतून उद्भवतो, कारण दर खेपेस निविष्टी वेगळ्या असतात. जुना दोष योगायोगाने नेमका एखाद्या नवख्याच्या असंबद्ध बदलाच्या वेळी प्रकटला, तर दोषारोप त्याच्यावर येतो. म्हणून सापडलेले प्रत्युदाहरण कायमचा नमुना म्हणून संहितेत नोंदवावे. प्रत्येक बदलाची तपासणी स्थिर बीजाने, म्हणजे यादृच्छिक निर्मितीच्या ठरलेल्या आरंभमूल्याने, करावी. नव्या बीजांचा विस्तृत शोध स्वतंत्र वेळापत्रकाने चालवावा.