वाटाड्या : असईपासून मोटारीतील यंत्रापर्यंत

इतिहासात सेनापतींची नावे राहतात, वाटाड्यांची राहत नाहीत. परंतु वाट सांगणाऱ्याच्या एका शब्दावर किती अवलंबून असते, हे पाहावयाचे असेल तर आपल्या जालना जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. मोटारीतील मार्गदर्शक यंत्राचे मोल ठरविण्यापूर्वी आम्ही श्रोत्यांना असईकडे नेऊ इच्छितो.

२१ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्ली व स्टीव्हन्सन हे दोन इंग्रज सेनानी बदनापूर येथे भेटले. दोन वेगळ्या वाटांनी जाऊन २४ तारखेला शिंदे-भोसल्यांच्या सैन्यावर एकत्र चालून जावे, असे ठरले. तळ भोकरदनला आहे, अशी हरकाऱ्यांची बातमी होती. बातमी खोटी नव्हती. पण भोकरदन हे जसे गावाचे नाव, तसेच परगण्याचेही. तळ थेट असईपर्यंत पसरला होता. त्यामुळे २३ तारखेलाच वेलस्ली अवचित मराठी फौजेसमोर येऊन ठाकला. मध्ये केळणा नदी. जवळपास दुसरा उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले. परंतु दोन काठांवर समोरासमोर पिंपळगाव व वरूड ही गावे त्याला दिसली. इतकी शेजारची गावे येण्याजाण्याची सोय असल्यावाचून वसणार नाहीत, हा त्याचा तर्क खरा ठरला. उतार सापडला व लढाई त्याने जिंकली. मात्र त्याचे दीड हजारांवर लोक मेले वा जखमी झाले. तोफांचा आवाज ऐकून निघालेल्या स्टीव्हन्सनला वाटाड्याने आधी भोकरदनला नेले, म्हणून तो २४ तारखेच्या संध्याकाळी पोहोचला. मुद्दाम चकविल्याच्या संशयावरून त्या वाटाड्याला पुढे फाशी दिले गेले. नावाचा घोटाळा, उताराचे अज्ञान आणि चुकलेली वाट यांची ही किंमत होय.

आता यंत्राकडे वळू. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला. त्याच वर्षी जपानमध्ये होंडा कंपनीने मोटारीत बसणारे मार्गदर्शक यंत्र विक्रीस आणले. त्याला उपग्रहांचा आधार नव्हता. गाडी किती चालली व कोठे वळली हे मोजून ते पारदर्शक नकाशावर जागा दाखवी. अमेरिकेची उपग्रहव्यवस्था १९९५ साली पूर्णपणे कार्यान्वित झाली. सामान्य लोकांसाठी तिची अचूकता हेतुतः कमी ठेवलेली होती. ते बंधन मे २००० मध्ये उठले व यंत्र खऱ्या अर्थाने रस्त्यावर आले. निदान चार उपग्रहांकडून आलेल्या संदेशांना लागलेला वेळ मोजून ते आपले स्थान ठरविते. भारतानेही १ जुलै २०१३ रोजी आपल्या मार्गदर्शन-मालिकेतील पहिला उपग्रह सोडला. तीच व्यवस्था पुढे 'नाविक' या नावाने ओळखली जाऊ लागली.

याचा नित्याचा लाभ कोणता? पहिला नावांचा. मराठवाड्यात पिंपळगावे कितीतरी. यंत्राला नुसते नाव पुरत नाही; ते अक्षांश-रेखांशांनी जागा ओळखते. म्हणून तालुका पाहून गाव निवडले, की पिंपळगाव रेणुकाईला निघालेले वऱ्हाड भलत्याच मांडवात उतरत नाही. दुसरा लाभ वेळेचा. समृद्धी महामार्गावर जालन्याचा फाटा चुकला तर पुढचा फाटा येईपर्यंत परतता येत नाही. यंत्र आधीच सावध करते. रात्री अनोळखी वस्तीवर रुग्णवाहिका न्यावयाची असता दारोदार विचारण्यात जाणारी घटका वाचते, आणि त्या घटकेत एखादा जीवही वाचतो. मालमोटार कोठवर आली, हे व्यापाऱ्यास दुकानात बसून कळते. वाट चुकलीच, तर यंत्र न रागावता नवी वाट काढून देते.

तथापि यंत्राला नकाशा ठाऊक असतो, नदीचे पाणी नव्हे. पावसाळ्यात पुलावरून पाणी वाहत असेल, तर ते काठावरचा माणूसच सांगेल. म्हणून यंत्र जरूर वापरावे; पण पुढे रस्ता संशयास्पद दिसला, तर गाडी थांबवून काच खाली करावी आणि विचारावे. सांगणाऱ्याला आज फाशीचे भय नाही. तो खरे तेच सांगेल.